गुरं राखताना मन निवतं का?

पाणंद
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी पावसाळा सरताना पुण्यातलं बिऱ्हाड हलवून राजापूर तालुक्यात आत्याकडे येऊन राहिलो आहे. लॅपटॉपवरचं काम सकाळी, रेंज असेल तेव्हा. आत्याकडे दोन गायी आणि एक पाडी. गडी मिळत नाही, आत्याचे गुडघे धरलेत, त्यामुळे दुपारची राखण माझ्याकडे आली. तीनच्या सुमाराला सड्यावर (गावाबाहेरच्या उघड्या कातळ पठारावर) न्यायचं, तिन्हीसांजेला आणून दावणीला बांधायचं.

पुण्यात ध्यानाचे वर्ग केले, श्वास मोजले, ॲप लावून बघितलं. मांडी घातली रे घातली की डोक्यात ऑफिसची भांडणं सुरू. इथे मात्र काही न करता दुपार निघून जाते आणि ते जाणवतही नाही. सध्या सडा फुललाय, सीतेची आसवं आणि गेंद अगदी पायाखाली येतात, कातळाच्या खळग्यांत पाणी आहे. पण मी फुलांकडे कमी आणि तांबूच्या तोंडाकडेच जास्त बघत बसतो. ती गवताच्या झुबक्याला जिभेचा वेढा घालते, मान जराशी झटकते, करकर आवाज होतो, की दोन पावलं पुढे. परत जीभ. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं!

तर प्रश्न असा: हे जे निवणं आहे ते कशामुळे? जनावरामुळे, जागेमुळे, की मला त्यावर पोट भरायचं नाही म्हणून? ज्यांनी लहानपणी गुरं राखलीत किंवा अजून राखतात त्यांनी सांगा. मला छान-छान ऐकायचं नाहीये, खरं काय ते लिहा.

तिरफळ
तांबू एकदा शेजाऱ्याच्या पोटरीला आलेल्या भातात शिरू दे. मग मन निवलं की पेटलं ते कळवा.

सडेकर
पाणंद, तुम्ही आत्याचं कौतुक करा, तिने बरोबर माणूस पकडला.

मी देवगड बाजूचा. आमच्या वाडीत गुरांची पाळी असायची. सगळ्या घरांची गुरं एकत्र सोडायची आणि आज या घरातली दोन पोरं, उद्या त्या घरातली, असं चालायचं. तुमची पाळी असेल त्या दिवशी शाळेला दांडी, मास्तरांनाही ठाऊक. डोक्यावर इरलं, पायात काही नाही, कमरेला कोयती. आई फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची, ती निम्म्या वाटेवरच संपायची.

शांती कसली रे बाबा! पोटात भूक, पाठीवर पाऊस, आणि कातळावर फुरसं (छोटा विषारी साप) कुठल्या दगडाखाली वेटोळं करून बसलंय याचा नेम नाही. दगड पायाने उलटायचा नाही, आधी काठी आपटायची, हे चालायला शिकल्यावर लगेच शिकवलेलं असायचं.

तरीपण तुम्ही विचारताय म्हणून आठवून बघतो. आम्ही गुरांकडे बघत नसू. गोट्या, विटीदांडू, करवंदं, पोहणं, सगळं चाललेलं असे. पण कान तिकडे असायचा. प्रत्येक घरच्या गायीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज वेगळा. खोतांच्या ढवळीची घंटा तडकलेली होती, ती खट खट वाजायची. ती ऐकू येईनाशी झाली की खेळ मोडून सगळे उठायचे, कुणी कुणाला सांगायची गरज नसे. ती सवय अजून गेली नाही. ठाण्याच्या घरात फ्रिजचा आवाज बंद पडला की मला झोपेतून जाग येते. बायको म्हणते, हे काय भलतंच.

चाकरमानी_७
कृपया हा धागा आमच्या गावच्या होमस्टेवाल्यांना दाखवू नका. उद्या "गुराखी अनुभव, दोन तास, चहा-आंबोळीसह" असा बोर्ड लागेल आणि माझ्याच चुलत्याच्या म्हशीमागे फिरायला मला पैसे मोजावे लागतील.

भरती_ओहोटी
@चाकरमानी_७ शेण उचलायचं पॅकेज वेगळं ठेवायला सांगा.

पाणंद, तुम्हाला गायी मिळाल्यात हे नशीब समजा. मी गुहागर तालुक्यात शेळ्या राखते. शेळ्या आणि शांतता ही दोन नावं एका वाक्यात येत नाहीत. गाय मान खाली घालून एका दमात पुढे पुढे चरत जाते. शेळी तसं करत नाही. इथला कोवळा शेंडा, तिथली चार पानं, मग मागच्या दोन पायांवर उभी राहून फणसाची फांदी. एवढ्यात तिला कुणाच्या तरी कलमाची आठवण होते. एका हापूसच्या रोपाचा शेंडा खाल्ला म्हणून वाडीत दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, त्यातलं एक आमचं.

पण एक सांगते. शेळ्यांमुळे मला झाडं कळली. त्या काय खातात, काय हुंगून सोडतात, कधी सोडतात हे बघता बघता. कुड्याला तोंड लावत नाहीत. बोरीच्या काट्यांचं त्यांना काहीच वाटत नाही, ओठ असे काट्यांच्या मधून घालतात की बघत राहावं. पहिल्या पावसानंतरच्या लुसलुशीत पाल्यावर तुटून पडतात आणि मग हगवण लागते. म्हणून त्या दिवसांत मी आधी घरी सुका चारा घालते आणि उशिरा सोडते. निसर्गाशी नातं म्हणतात ते माझ्याकरता एवढंच. कोण काय खातं आणि खाल्ल्यावर काय होतं.

शांतपणा हवा असेल तर शेळ्या गोठ्यात आल्यावर मिळतो. पडवीत बसून चहा पिताना.

पाणंद
@सडेकर, घंटेचं अगदी पटलं. आमच्याकडे घंटा फक्त ढवळीला आहे (हो, आमच्याकडेही ढवळीच!), बाकी दोघी तिच्यामागून असतात.
@भरती_ओहोटी, झाडं कळली हे वाक्य आवडलं. मला अजून कुडा आणि तांबडा कुडा यातला फरक कळत नाही.
@तिरफळ, शिरली होती. भातात नाही, कुळथात. शेजाऱ्यांनी आत्याला शिव्या दिल्या, मला नाही. ते जास्त लागलं.

दगडफूल
राजापूरचा सडा म्हटल्यावर राहवलं नाही. पाणंद, तुम्ही बसता त्याच्या आसपास कातळशिल्पं आहेत का बघा. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही सगळी तुमच्या तालुक्यातलीच. आणि कशेळीचा हत्ती तर बघायलाच हवा. जवळजवळ 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच अशी आकृती जांभ्यावर कोरलेली, आणि तिच्या आत इतर प्राण्यांची गर्दी. जमिनीवर उभं राहून ती पूर्ण दिसतच नाही. 2022 मध्ये कोकणातली ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

हे इथे लिहायचं कारण असं की त्यातली कित्येक शिल्पं शोधणाऱ्यांना गुरं राखणाऱ्यांनीच दाखवली. गावात विचारावं तर कुणालाच माहीत नसे. मग सड्यावरचा एखादा म्हातारा म्हणे, "चित्रं ना? ती पांडवांची. या इकडे." पिढ्यान्पिढ्या तिथे बसून दुपारी काढलेली माणसं ती. जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ, मग गवत, मग माती. कडक उन्हात गवत करपलं की रेषा उघड्या पडतात. त्या वेळी तिथे असतं कोण? गुरं आणि गुराखी.

आणि गंमत म्हणजे त्या शिल्पांमध्ये शेतीची दृश्यं सापडत नाहीत. हत्ती, गेंडा, मासे, हरणं, माणसं आहेत. नांगर नाही. म्हणून अभ्यासक ती शेतीच्या आधीच्या, शिकार करून जगणाऱ्या लोकांची मानतात. म्हणजे गुरं त्या सड्यावर पोचायच्या कितीतरी आधी कोणीतरी तिथे तासन्‌तास बसून दगड कोरत होतं.

तिरफळ
@दगडफूल त्यांच्याकडेही रेंज नसणार.

वाडीवस्ती
इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. कुणाला कडू लागलं तर लागो.

माझे वडील दुसऱ्यांची गुरं राखायचे. स्वतःची पाळी नव्हे, वर्षाच्या बोलीवर. वर्षाअखेर ठरलेलं भात, दिवाळीला एक जोडी कपडे, रोज दुपारची भाकरी. दुसरी इयत्ता झाली आणि शाळा सुटली. या धाग्यावर ज्यांना सड्यावरचं आकाश आठवतंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असा एक पोरगा असणार. त्याचं नाव आठवतं का ते बघा. पाळीच्या दिवशी शाळेला दांडी मारणं वेगळं आणि शाळाच नसणं वेगळं.

मी वडिलांना हा धागा वाचून दाखवला. पाणंदने लिहिलेलं जिभेचं, गवताचं ऐकून हसले. म्हणाले, "खरा आहे, तसाच खाता." मग मी विचारलं, बरं वाटायचं का तिथे? तर म्हणाले, "मालकाची गाय पान्ह्यावर होती, ती सांजेला दिसली नाय. काळोखात शोधत होतो. सापडली तेव्हा मी रडलो. गाय सापडली म्हणून नाय. मार चुकला म्हणून."

आता पंच्याहत्तरी उलटली. सडा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. कधी पाऊल टाकत नाहीत तिकडे. दुपारी टीव्हीवर मालिका बघतात, आणि मला विचाराल तर त्यांचं मन तिथे छान निवतं.

सडेकर
@वाडीवस्ती, आमच्याकडेही होता. नाव आठवतं. इथे लिहीत नाही.

अभ्यासू_मांजर
वाडीवस्तींचा प्रतिसाद मोठा आहे, त्यावर मी काही बोलणं बरं नाही. मूळ प्रश्नातल्या "जागेमुळे का" याबद्दल थोडं. रॉजर उलरिच या संशोधकाचा 1984 चा एक गाजलेला अभ्यास आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. नुसत्या बघण्याने एवढं होत असेल तर सड्यावर अख्खी दुपार काढल्यावर काहीतरी होणारच. कुठे तरी जबरदस्तीने लक्ष लावावं लागतं आणि कुठे ते आपोआप लागतं. दुसऱ्या प्रकारात डोकं विश्रांती घेतं, असं मानसशास्त्रात मानतात.

तिरफळ
त्या रुग्णांच्या खिडकीतली झाडं उठून शेजाऱ्याच्या कुळथात जात नव्हती.

मेंढका_फलटण
मी कोकणातला नाही पण दर साली कोकणात येतो. दिवाळी झाली की घाट उतरायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, बायका-पोरं पुढं, मेंढरं मागनं. भात कापून झालेलं असतंय. शेतकरी त्यांच्या शेतात मेंढरं बसवाया सांगतात. रात्रभर लेंडी-मूत पडतं, जमिनीला खत होतंय. त्याच्या बदल्यात धान्य, नाहीतर पैसे. उन्हाळा सरायच्या आत परत वर. तुमचा पाऊस मेंढराला सोसत नाही, खुरं कुजतात.

शांततेचं विचारलंत. तुमची सगळ्यांची एक गोष्ट मला उलटी वाटली. आमच्याकडं शांत झालं की माणूस दचकतो. रात्री वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत मेंढरं बसलेली असतात, तवा बारीक आवाज चालूच असतो. कोण खोकतंय, कोण दात वाजवतंय, पिलू आईला हाक मारतंय. हा आवाज चालू हाय तवर आम्ही झोपतो. एकदम सगळं गप झालं की समजायचं. सगळ्या मेंढरांची तोंडं एका बाजूला, कान ताठ, रवंथ बंद. त्या बाजूला बिबट्या असतोय नाहीतर चोर. मागं रायगड जिल्ह्यात असंच झालं. कुत्रीसुद्धा भुकली नाहीत, पाठीवरचे केस उभे करून माझ्या पायात येऊन बसली. आम्ही टेंभे पेटवले, डबे वाजवले. दिसलं काही नाही. मग कधीतरी एका म्हाताऱ्या मेंढीनं परत तोंड हलवाया सुरुवात केली आणि माझी बायको म्हणाली, गेलं.

तवा गवत तोडल्याच्या आवाजानं तुमचं डोकं थंड होतंय, त्यात नवल नाही. जनावर खातंय म्हणजे भ्या नाही, एवढं तर माणसाला आतून कळतच असणार.

भरती_ओहोटी
मेंढका, हे भारी आहे. पाणंदच्या प्रश्नाला आतापर्यंतचं सगळ्यात जवळचं उत्तर.

गोठ्यातला_डॉक्टर
पशुवैद्यक आहे, दक्षिण कोकणात. मेंढका यांनी लिहिलंय त्याला आमच्या बाजूने दुजोरा. गाय दिवसाकाठी साधारण आठ तास चरते आणि जवळपास तेवढाच वेळ रवंथ करते. रवंथ हे निवांतपणी करायचं काम. जनावर घाबरलं, दुखत असलं, ताप असला की रवंथ आधी थांबतं. मी गोठ्यात शिरलो की थर्मामीटर काढायच्या आधी तोंड हलतंय का बघतो. पाणंद, तुम्हाला बघायची हौस आहेच तर मानेची डावी बाजू बघा. एक घास गिळला की थोड्या वेळाने पुढचा घास नरड्यातून वर चढताना स्पष्ट दिसतो. मग चाळीस-पन्नास वेळा चावणं, परत गिळणं.

तुमच्या गायी बुटक्या, चपळ, तांबूस-काळ्या असतील तर बहुधा कोकण कपिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली आहे. दूध थोडं, पण हा पाऊस, हा चढउतार आणि हे निकस गवत तीच सोसू जाणे. जर्सीला सड्यावर नेऊन बघा, संध्याकाळी मला फोन कराल.

आता जरा रसभंग करतो. गवतात तासन्‌तास बसणाऱ्यांनी:
गोचिडी बघा. 2016 पासून दोडामार्ग, बांदा भागात माकडताप आहे, तो गोचिडींतूनच येतो. सगळ्या कोकणात तो नाही, पण अंग झटकायची सवय सगळीकडे चांगली. घरी आल्यावर कपडे बाहेर काढा, गरम पाण्याने आंघोळ करा.
पायाला जखम असेल तर गोठ्याच्या चिखलात अनवाणी उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. गमबूट दिसायला वाईट, पण असू द्यात.
फुरसं चावलं तर मांत्रिक नको, कापाकापी नको, घट्ट आवळून बांधणं नको. पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. आपल्याकडच्या सर्पदंशावरच्या प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस यांच्याबरोबर फुरसंही येतं.

लाल_माती
डॉक्टरांच्या यादीत विंचू राहिला. कोकणातला लाल विंचू, लहान पोरांना जिवावरचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला आणि त्या उपचाराने किती पोरं वाचली. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांच्या आधी विंचू चावलेलं पोर म्हणजे घरात रडारड, हे माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय.

विषयावर येतो. सगळे सड्याचं बोलताय, पण सडा उरलाय किती? आमच्याकडे निम्म्या सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली, तारेचं कुंपण घातलं. कागदावर ती जमीन "पडीक" होती. जिथे पाच महिने गवत, फुलं, बेडूक, टिटवीची अंडी आणि अख्ख्या वाडीची गुरं होती ती पडीक! आता गुरं न्यायची कुठे? म्हणून विकली. ज्यांनी विकली नाहीत त्यांनी सोडून दिली, ती रात्री हायवेवर डांबर गरम असतं म्हणून बसतात आणि मरतात, मारतात.

भरती_ओहोटी
@लाल_माती, कलमं लावणाऱ्यांना सरसकट खलनायक करू नका. माझ्या माहेरचं घर त्या कलमांवर उभं आहे. गुरांवर कुणाचं घर उभं राहिलं ते सांगा.

लाल_माती
खलनायक नाही म्हटलं हो. कलमं लावा, पण थोडा सडा मोकळा ठेवा म्हणतोय. आणि चराई थांबली की फुलं वाढतात हाही गैरसमज आहे. कासच्या पठाराचं उदाहरण आहेच (कोकण नाही, माहीत आहे). तिथे कुंपण घालून गुरं बंद केली, तेव्हा उंच गवत माजून फुलं दबतात अशी ओरड स्थानिकांनीच केली. गुरं गवत खुरटं ठेवतात, म्हणून टीचभर उंचीच्या फुलांना ऊन मिळतं. अर्थात गुरं बेसुमार झाली तर तेही वाईटच.

कोतवाल_पक्षी
फुलांचं झालं, पक्ष्यांचं कुणी बोलेचना. गुरांमागे बसायचं खरं कारण माझ्यासाठी हे आहे. गाय चालते, गवतातले नाकतोडे उडतात, गायबगळा तिच्या तोंडाशी चिकटून चालतो आणि टिपतो. कोतवाल पाठीवर बसून वरून झडप घालतो. एकाच गायीवर दोघांची दोन वेगळी दुकानं. बगळा गायीच्या चालीने चालतो, ती थांबली की तो एक पाय वर धरून थांबतो. मी दुर्बीण घेऊन एकटा सड्यावर गेलो की टिटवी गाव गोळा करते. गुरांबरोबर गेलो तर एकदा ओरडते आणि गप बसते. तिच्या हिशेबात मी पण गुरांतलाच एक.

चाकरमानी_७
@कोतवाल_पक्षी टिटवीचा हिशेब बरोबर आहे.

सडेकर
विषय निघालाच आहे तर वाघबारस कुणाकडे चालू आहे का अजून? आमच्या मामाकडे, कुडाळ बाजूला, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला गुराखी पोरांचा हा सण. घरोघर फिरून तांदूळ, गूळ, नारळ गोळा करायचे, रानातच खीर शिजवायची, देवाला ठेवायची आणि पत्रावळीवर खायची. एकाला वाघ करायचं, अंगावर पट्टे ओढायचे, बाकीच्यांनी हाकारे घालत त्याला रानात पळवायचा. वर्षभर गुरांना वाघराचं भय नको म्हणून. वाघ व्हायला मारामारी, कारण वाघाला खीर जास्त. मी एकदाच झालो. मामेभावाने इतक्या जोरात काठी फेकली की वाघ रडत आईकडे गेला.

तिरफळ
आमच्याकडे चालू आहे, पण गुरं राहिली नाहीत. पोरं बाईकवरून येतात, वाघाला पळवतात, रील काढतात, खीर खातात. वाघ मात्र खरा आहे, म्हणजे बिबट्या. मागच्या महिन्यात वाडीतली दोन कुत्री नेली. त्याला रील दाखवली पाहिजे.

वाडीवस्ती
वाघबारशीचं वडिलांना सांगितलं. "त्या दिवशी खीर पोटभर मिळायची" एवढंच म्हणाले, पण चेहरा बदलला. म्हणजे सगळंच वाईट नव्हतं, हेही नोंदवतो.

आणि पाणंद, तुम्ही तीन पर्याय दिले होते. माझं मत तिसऱ्याला. तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही उद्या आत्याला सांगू शकता की मी येत नाही. ज्याला असं सांगता येतं त्यालाच तो आवाज गोड लागतो. पण मेंढका यांचं वाचून थोडा अडलो. त्यांना तर सांगता येत नाही, त्यांचं पोटच त्यावर आहे, आणि तरीही त्यांना म्हातारी मेंढी तोंड हलवते तेव्हा बरं वाटतं. तेव्हा माझं मत ऐंशी टक्के धरा.

मेंढका_फलटण
वाडीवस्ती, मेंढरं माझी स्वतःची हायत. तुमच्या वडिलांची गाय दुसऱ्याची होती. फरक तिथं पडतोय. मी दुसऱ्याची राखली असती तर मीबी टीव्हीच बघितला असता.

वाडीवस्ती
हे पटलं.

पाणंद
सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीवस्ती, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

आत्याला सगळा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं असं: "तू निवांत बसतोस म्हणूनच पाडी रोज गडगा (दगडी कुंपण) ओलांडून पलीकडे जाते, आणि तू इंटरनेटवर विचारतोस की बरं का वाटतं!" तिला उलरिचचं सांगितलं तर म्हणाली, त्याला पाठव इकडे, शेण काढायला माणूस पाहिजेच आहे.

तर आता कामाचा प्रश्न. पाडीलाही घंटा बांधायची आहे. इथल्या दुकानात शोभेच्या पितळी मिळतात, त्यांचा आवाज चार पावलांवर विरतो. लांबवर ऐकू जाईल अशी कुठे मिळेल? आणि गडगा ओलांडते त्याला काय करावं?

सडेकर
शोभेची घेऊ नका. आठवडा बाजारात गुरांचं सामान विकणाऱ्याकडे दावी, म्होरक्या असतात तिथेच घंटा मिळते. हातात धरून नाही, दोरीला टांगून वाजवून बघा, आणि ढवळीच्या घंटेशी जुळणारी अजिबात घेऊ नका, नाहीतर दोघींतली कोण गेली ते कळणार नाही. गळ्यात सैल बांधा, दोन बोटं आत गेली पाहिजेत. गडग्याला उपाय लोढणं. गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबेल असा लाकडाचा ओंडका, धावायला लागली की पायांत येतो.

गोठ्यातला_डॉक्टर
लोढणं हलकं ठेवा हो, आणि गुडघे सोलले तर लगेच काढा. पाडीचं वय काय? पहिल्यांदा माजावर आली असेल तर ती गडगा गवतासाठी ओलांडत नाहीये. पलीकडे कुणाचा बैल आहे का ते आधी बघून या.

पाणंद
आहे.

तिरफळ
😂😂 आत्याला सांगा, आता शेजाऱ्यांशी वेगळ्या नात्याने बोलावं लागेल.